अर्धा कोयता

वाशीम जिल्हा बघायचा म्हणून कोणी मुद्दाम जातं का, मला ठाऊक नाही. मी गेलो तो गरजेपोटी, आणि खरं सांगायचं तर थोडा रागानंही.

कृष्णाकाठच्या आमच्या गावात माझा चार एकर ऊस आहे आणि एक ट्रॅक्टर. ऊस लावणं आपलं काम, तोडणं आपलं नव्हे, असं आमच्या दोन पिढ्या मानत आल्या. तोडायला बाहेरून टोळी येते. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा बुडातून ऊस तोडतो, बायको पाला सोलून मोळी बांधते, मग दोघं त्या मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवतात. मजुरी मिळते ती एका कोयत्याची. कोणी एकटाच आला तर तो अर्धा कोयता. हे शब्द आमच्याकडे इतके रुळलेत की त्यात काही चमत्कारिक आहे, असं मला साठी उलटेपर्यंत वाटलं नव्हतं.

नऊ वर्षं माझ्याकडे रामदास राठोडची सहा कोयत्यांची टोळी यायची. यंदा दसरा जवळ आला तरी हा गडी फोन उचलेना. मुकादम म्हणाला, "त्याची बायको यायला नाही म्हणतीय. आणि रामदास हलला नाही तर बाकीचे पाच कोयते पण दुसरीकडं जातील." टोळी वेळेत आली नाही की उसाला तुरे येतात आणि वजन घटतं. शेजारचे लोक यंत्राने ऊस तोडून घेतात, पण माझ्या रानाची वाट इतकी अरुंद की यंत्र आत शिरत नाही. तेव्हा ठरवलं, आपणच जायचं. उचल, म्हणजे हंगामाआधी द्यायची आगाऊ रक्कम, एरवी मुकादमामार्फत जाते. मी रामदासच्या कोयत्याची उचल कमरेच्या कशात, म्हणजे पैशाच्या पिशवीत, बांधून घेतली. हातात पैसे पडल्यावर माणूस नाही म्हणत नाही, हा माझा जन्माचा अनुभव. सकाळी घोटून दाढी करताना बघून आमची मंडळी म्हणाली, "पोरगी मागायला निघाल्यासारखं आवरताय."

रिसोड

पहिली चूक मी रिसोडला उतरून केली. पूर्वी कधीतरी रिसोडहून एक ट्रक भरून माणसं आमच्याकडे आली होती, तेव्हापासून त्या बाजूच्या प्रत्येक टोळीला आमच्या गावात रिसोडची टोळी म्हणतात. नऊ वर्षांत रामदासला त्याचं गाव विचारायचं कोणाला सुचलं नाही, आणि त्यात मीही आलो.

बाजार सोयाबीननं भरला होता. ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत आलेली, हवेत भुसा, आणि जो तो ओलाव्याबद्दल बोलत होता. ऊसवाल्याला हे नवलाचं. आमचा माल कारखान्यात गेला की आम्ही सुटलो. इथं शेतकरी स्वतः पोत्याशेजारी उभा राहून मूठभर दाणे दाखवत असतो. स्टँडजवळ एका कापडाच्या दुकानात मी रामदास राठोडचा पत्ता विचारला. दुकानाचे मालक हमीदभाई, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. ते शांतपणे म्हणाले, "बसा, चहा घ्या. रामदास राठोड म्हनून हाक मारली ना, तर या जिल्ह्यात इसेक जन तरी ओ देतीन. तांडा कोनता?"

तांड्याचं नावही मला ठाऊक नव्हतं. एवढी लाज मला पूर्वी क्वचितच वाटली असेल.

दुकानाच्या मागच्या भागात एक माणूस मशीनवर मान खाली घालून दिवाळीचे सदरे शिवत होता. नौशाद, बिहारचा. हमीदभाईंचा स्वतःचा मुलगाही शिवणकाम शिकलेला, पण तो आखातात गेलाय. तिथं लोकांच्या घरात गारवा यावा म्हणून हा भर उन्हात गच्चीवर यंत्रं बसवतो. "त्याच्या पैशानं बहिणीचं लग्न झालं, दुकानावरचा पत्रा जाऊन स्लॅब आला," हमीदभाई म्हणाले. "पन ईदले फोनवरच गळाभेट."

"मग मुलालाच इथं का नाही बसवलं?" मी विचारलं.

"इथं बसून तो जेवढं मांगीन, तेवढं मी देऊ शकत नाई. नौशाद मी देतो तेवढ्यात खुश हाय." ते हसले. "आपल्या गावात कोनीच सस्ता नसते, भाऊ. घर सोडलं की मानूस सस्ता होते."

मी मान डोलावली. हे वाक्य पुढे दोन दिवस माझा पिच्छा सोडणार नाही, याची तेव्हा कल्पना नव्हती.

शेवटी हमीदभाई म्हणाले, "नंबर तर हाय ना? माह्या फोनवरून लावून पाहा." लावला, आणि दुसऱ्या घंटेला रामदासनं उचलला. म्हणजे फोन चालू होता. टाळत होता तो मला. माझा आवाज ओळखून तो म्हणाला, "मालक, तुमी रिसोडले कायले उतरले? आमी मानोऱ्याकडचे. पार दुसऱ्या टोकाले." हमीदभाईंनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

तांडा

दुसऱ्या दिवशी दुपारी मानोऱ्याच्या स्टँडवर रामदास मोटरसायकल घेऊन उभा होता. आमच्या रानात तो नेहमी पाल्यानं भरलेला, डोक्याला फडकं गुंडाळलेला असायचा. इथं इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. मी त्याला क्षणभर ओळखलंच नाही.

तांडा माळाच्या उतारावर आहे. खाली काळी जमीन, कपाशीची बोंडं फुटायला लागलेली, तूर कमरेएवढी. रामदासचं तीन एकर वाटेतच लागलं. तिथं सोयाबीनची सोंगणी चालली होती. सात-आठ बायामाणसं ओळीनं बसून भराभर कापत होती. चेहरे ओळखीचे वाटेनात, बोलीही वेगळी.

"ही कोण माणसं?"

"मेळघाटातली. सोयाबीन वाळलं का शेंगा फुटते, मालक, थांबत नाई. तांड्यातले सारे आपापल्या वावरात गुंतले. मंग त्यायले आनतो."

"काय भाव दिलास?"

रामदास ओशाळं हसला. "पाडूनच आनलं. तुमच्याच हाताखाली शिकलो."

मी बांधावर बसलो. एका म्हाताऱ्या बाईला हिंदीत विचारलं, तुमच्याकडचं पीक आता कोण कापत असेल? ती विळा न थांबवता म्हणाली, "कौन काटेगा. जो नहीं आ सके, वो काटेंगे." मग रामदासनं तुरीकडे बोट दाखवलं. तूर तयार होते तेव्हा तो माझ्या उसात असतो. घरची तूर दुसऱ्याच्या भरवशावर टाकून यायची, जे हाती लागेल ते आपलं. माझा ऊस स्वस्तात तुटतो तो असा. त्यातला काही खर्च ह्या तुरीत जातो आणि त्याची पावती मला कधी येत नाही.

घर चांगलं होतं. दोन खोल्या, वर स्लॅब, दाराला निळा रंग. रामदास म्हणाला, "खोटं कायले बोलू, हे तुमच्या उसानंच उभं राह्यलं. पन नऊ वर्षांत घरात राह्यलो किती? बांधलं आमी, अन् वापरलं कुलपानं."

त्याची बायको बाहेर आली. तिला मी नऊ हंगाम पाहतोय, हाक मात्र कायम "ए बाई" अशीच मारत आलो. तिचं नाव शीला, हे मला त्या दारात कळलं. आमच्याकडे ती मला मालक म्हणायची. इथं हातात पाण्याचा तांब्या देत म्हणाली, "बसा भाऊ." स्वतःच्या उंबऱ्यावर होती ना. मला ते आवडलं, आणि थोडं टोचलंही.

ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि ठेचा. आमच्याकडे पाहुणा आला की रस्सा लाल झालाच पाहिजे. इथली अंबाडी आंबट, साधी, आणि भाकरी माझ्या आईच्या हातच्यापेक्षा पातळ. मी चार खाल्ल्या. नऊ वर्षं ही बाई माझ्या बांधावर तीन दगडांची चूल मांडून भाकरी थापत होती आणि मी एकदाही तिथं जेवलो नव्हतो.

जेवण झाल्यावर तिनं सरळ विषयाला हात घातला. "यंदा मी येत नाई, भाऊ. तुमाले फोनवर सांगाले ह्यायचा धीर झाला नाई, म्हनून ते उचलत नव्हते."

मग एक फाईल आणली. तांड्यातल्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघालीय. तिनं अर्ज केला, तात्पुरत्या यादीत तिचं नाव पहिलं आलं. फाईलमध्ये बारावी पास झाल्याचं प्रमाणपत्र होतं. मी ते दोनदा वाचलं. माझ्या रानात मोळ्या बांधणारी बाई बारावी झालेली, आणि माझा थोरला दहावीला दोनदा बसलेला.

अडचण एकच. तांड्यातल्या दुसऱ्या अर्जदार बाईनं हरकत घेतली होती: शीला राठोड सहा महिने उसाला जाते, ती इथली कायमची रहिवासी कशी? परवा मानोऱ्याला सुनावणी होती.

मला राग आला, लपवत नाही. कमरेचा कसा अंगाला रुतत होता. मी म्हणालो, "मदतनिसाला मिळतं किती? उसाच्या हंगामात त्याच्यापेक्षा जास्त उरतं की नाही, तूच सांग."

"जास्त उरते, खरं हाय," ती म्हणाली. "पन ते दोघाइचं एकात असते. हे माह्या एकटीचं राहीन. अन् अश्विनी वर्षभर एकाच शाळेत बसन."

अश्विनी म्हणजे त्यांची मुलगी, तिसरीतली. माझ्या ट्रॉलीच्या सावलीत झोळीत वाढलेली. ती फाईलमधली प्लॅस्टिकची पिशवी वाजवत शेजारी बसली होती. मी उचलीचा विषय काढला नाही.

पोहरादेवी

मधला एक दिवस रिकामा होता. रामदास म्हणाला, "एवढ्या दूर आले, देवी न पाहता कसे जासान?" शीला सुनावणीची कागदपत्रं नीट लावत घरी थांबली, आम्ही दोघं गेलो. यात्रेत इथं पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. त्या दिवशी मोकळं होतं, नारळवाले पेंगत होते. दर्शन निवांत झालं. कोणीतरी नवस फेडायला रोडगे केले होते. गोवरीच्या विस्तवात भाजलेले कणकेचे जाड गोळे, सोबत वांग्याची भाजी. त्यांनी आम्हालाही बसवलं. आमच्याकडे अनोळखी माणसाला पंगतीत बसवायच्या आधी तू कुणाचा, म्हणून विचारतात. इथं फक्त "घ्या जी" म्हणाले.

दुसरी चूक मी त्या पंगतीत केली. शेजारी पांढऱ्या टोपीचा एक गृहस्थ बसला होता. त्यानं गोडीत विचारलं, "पाव्हने कुठले? उसाचे मालक का काय?"

पोट भरलेलं, मान मिळालेला. मी म्हणालो, "हो. हा रामदास माझाच कोयता. नऊ वर्षं झाली. न्यायलाच आलोय."

"दोघाइले नेता?"

"कोयता म्हणजे दोघं आलेच की," मी म्हणालो.

रामदासच्या हातातला रोडगा तसाच राहिला. तो गृहस्थ उठून गेल्यावर रामदास खालच्या आवाजात म्हणाला, "मालक, तो हरकत घेतलेल्या बाईचा भाऊ होता."

परतताना मोटरसायकलवर मी मागे बसून मनात जमाखर्च मांडत होतो आणि सगळी बाजू खर्चाची निघत होती. खरं तर माझ्या तोंडून जे गेलं ते माझ्या फायद्याचंच होतं. हिची नोकरी गेली तर ही येणार, ही आली तर रामदास येणार, रामदास आला तर सहाच्या सहा कोयते येणार. काही करायचंच नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. घरी आल्यावर रामदासनं शीलाला सगळं सांगितलं. त्या रात्री जेवायला तिनं वाढलं नाही, रामदासनं वाढलं.

मानोरा

कचेरीत लाकडी बाकं, भिंतीवर बाळाच्या आहाराचे तक्ते. सुनावणी घेणाऱ्या मॅडम तरुण होत्या, ऐकून घेणाऱ्या. दुसरी अर्जदार बाई कडेवर लेकरू घेऊन आली होती. तिचीही गरज खोटी नव्हती, हे तिच्या पायांतल्या चपलेवरून दिसत होतं. तिचा टोपीवाला भाऊ उभा राहिला.

"मॅडम, हे बाई यंदाबी जाऊन राह्यली. तिचे मालक सोता न्यायले आले. काल पोहरादेवीले त्यायनंच सांगतलं. पाहा, ते बसले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी शीलाला विचारलं, "खरं आहे का?" शीला उभी राहिली. तिचे हात मी प्रथमच रिकामे पाहत होतो. ती म्हणाली, "मी जाणार नाई, मॅडम. पन भाऊ न्यायले आले हायत, हे खरं हाय." खोटं बोलून सुटता आलं असतं, तरी ती बोलली नाही.

मी उठलो. आपण फार मोठं काही करतोय असं वाटत नव्हतं.

"मॅडम, ऊस माझा. मी न्यायला आलो होतो, हे खरं. पण यंदा यांना मी नेणार नाही. लिहून देतो."

टोपीवाला म्हणाला, "तुमी नाई तर दुसरा मालक नेईन."

मला तेव्हा खरोखरच चीड आली. म्हणालो, "बाबा, हिच्यासारखी मोळी आमच्या शिवारात कोणी बांधत नाही. मी हिला सोडतोय ते माझ्या जिवावर आलंय. दुसऱ्याकडं जाणार असती, तर मी सोडली असती का?"

मॅडमना हसू आवरलं नाही. मग त्यांनी कागद पुढे केला. मी माझ्या जुन्या वळणदार अक्षरात लिहिलं: श्रीमती शीला रामदास राठोड यांच्याकडून मी यंदाच्या हंगामात ऊसतोड करून घेणार नाही. तिचं पूर्ण नाव मी जन्मात पहिल्यांदा लिहिलं. खाली सही केली. निकाल नंतर कळवू, असं सांगण्यात आलं.

बाहेर आल्यावर मी कमरेचा कसा सोडला आणि रामदासपुढे धरला. तो बायकोकडे पाहून म्हणाला, "अर्ध्याचीच द्या, मालक. मी येतो." त्यानं अर्धी उचल घेतली, बाकीची परत माझ्या कमरेला बांधून दिली. स्टँडवर शीलानं शिदोरी दिली. त्यात भाकरी होत्या, म्हणजे राग गेला असावा.

घरी

दिवाळीच्या आधी फोन आला. जागा तिला मिळाली. आमच्या मंडळीनं साखर वाटली आणि मला म्हणाली, "आता मोळ्या कोण बांधणार, ते बघा."

टोळी आली, पाच कोयते आणि अर्धा. अर्ध्याला जोड मिळेना. ज्याला त्याला आपापला ऊस होता, आणि आमच्या गावात मोळ्या बांधायला मजुरीनं कोण येणार? पहिल्या दिवशी रामदास एकटाच तोडत होता आणि तोडलेला ऊस मागे पसरत चालला होता. दुसऱ्या दिवशी मी धोतर खोचून रानात उतरलो. गावातले दोन-चार जण बांधावर उभे राहून बघत होते. बघू देत, म्हटलं.

मोळी बांधायची ती उसाच्याच शेंड्याच्या पातींनी, त्यांना वाढे म्हणतात. दोन वाढ्यांना पीळ देऊन दोरी करायची. माझी पहिली मोळी रामदासनं डोक्यावर घेतली आणि ट्रॉलीच्या फळीवर चढताना ती सुटली, सगळा ऊस त्याच्या पाठीवर आला. तो ऊस पुन्हा गोळा करायला वाकला. माझे तळहात चिरले, पातींची कुसळं मानेत गेली. दुपारी मी अंगणवाडीच्या सुट्टीची वेळ बघून शीलाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

पलीकडे पोरांचा गलका चालला होता. ती म्हणाली, "भाऊ, तुमी पीळ उजवीकडून देत असान. डावीकडून द्या, अन् गाठ मारू नका, नुसतं खोचा."

डावीकडून दिला. मोळी सुटली नाही. दिवस मावळेपर्यंत माझ्या एकवीस मोळ्या झाल्या, आणि कंबर सरळ होईना. संध्याकाळी पुन्हा फोन करून मी आकडा सांगितला, लहान मूल सांगतं तसा. मग विचारलं, "शीला, तू दिवसाला किती बांधायचीस?"



"नाई मोजल्या भाऊ, कवाच. अश्विनी रडाले लागली का मी थांबत होती, तेवढंच ध्यानात हाय."